संकटातील स्तुती : येणाऱ्या राज्याची आशा आणि मराठी ख्रिस्ती वाणी



आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता धर्मोपदेशाचा वाटेल, पण साहित्याच्या मंडळात तो मांडण्याला कारण आहे. दुःख आले की माणूस रडतो, रागावतो, गप्प बसतो. या सगळ्याला भाषेत जागा आहे आणि तिच्याबद्दल कोणाला नवल वाटत नाही. परंतु घर बुडाले, माणूस गेले, पीक करपले आणि तरीही कोणी देवाची स्तुती गाऊ लागले, तर ऐकणारा थबकतो. हे गाणे खरे आहे की दुःखावर घातलेले पांघरूण? ख्रिस्ती परंपरा या प्रश्नाचे जे उत्तर देते ते एका आशेवर उभे आहे. ती आशा म्हणजे ख्रिस्ताचे राज्य येणार आहे. हे उत्तर काय आहे, मराठीत ते कोणी जगून दाखवले आणि त्यात धोके कोणते, एवढे उलगडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरतेत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. विक्रम संवत् १६८७ चा, म्हणजे इसवी सन १६३० च्या सुमाराचा ‘सत्याशियो’ दुष्काळ गुजरातेने आणि दख्खनने एकाच वेळी सोसला. पीटर मंडी हा इंग्रज प्रवासी त्या काळात सुरतेहून आग्र्याकडे गेला आणि वाटेवरची उपासमार त्याने नोंदवून ठेवली. त्याच दुष्काळाने देहूच्या तुकोबांचे घर आणि दुकान मोडले, त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे १८३७ साली या शहराला मोठी आग लागली. संवत् १९५६ चा ‘छप्पनियो’ आला. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने स्टेशने माणसांनी भरली. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईचे पाणी सुटले आणि तापी घराघरांत शिरली. खानदेशातून पोटासाठी येऊन लिंबायत-उधन्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना यांतले शेवटचे दोन प्रसंग सांगावे लागत नाहीत.

स्तुती म्हणजे काय?

प्रथम शब्द नीट लावून घेऊ. आभार आणि स्तुती यांत फरक आहे. आभार मिळालेल्या गोष्टीबद्दल मानतात. स्तुती देणाऱ्याच्या स्वरूपाची असते. काही मिळाले नाही तर आभार अडतात, पण देणारा कोण आहे याची खात्री असेल तर स्तुती अडत नाही. म्हणून संकटातील स्तुती म्हणजे ‘हे संकट दिलेस, फार चांगले केलेस’ असे म्हणणे नव्हे. मृत्यू, रोग, अन्याय यांना पवित्र शास्त्र चांगले म्हणत नाही. ज्या राज्याची आशा ते देते, त्यात या तिघांनाही जागा नाही.

यहुदी लोकांच्या आणि पुढे ख्रिस्ती लोकांच्या उपासनेचा ग्रंथ म्हणजे स्तोत्रसंहिता. तिच्यात १५० स्तोत्रे आहेत. तिचे हिब्रू नाव तेहिल्लिम, म्हणजे स्तुतिगीते. प्रत्यक्षात ग्रंथ उघडला तर विलापाची स्तोत्रेच अधिक आढळतात. किती काळ, कुठे आहेस, का विसरलास, असे प्रश्न पानोपानी आहेत. ज्यांनी हा संग्रह जुळवला त्यांना हे दिसत नव्हते असे नाही. तरीही त्यांनी सगळ्याला मिळून स्तुती हेच नाव दिले. याचा अर्थ त्यांच्या लेखी देवापुढे मोकळेपणाने केलेली तक्रारही स्तुतीच्या घरातली होती. ज्याच्याकडून काही आशाच उरली नाही, त्याच्याकडे कोणी तक्रार घेऊन जात नाही.

या संग्रहात अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र असे आहे की ते अंधारातच संपते आणि त्याला उजेडाचा शेवट जोडलेला नाही. एकशेसदतिसाव्या स्तोत्रातले बंदिवान बाबेलच्या नद्यांकाठी आपली वाद्ये झाडांना टांगून ठेवतात. पकडून नेणारे गाणे म्हणायला सांगतात आणि ते नकार देतात. जेत्याची करमणूक म्हणून स्तुती गायची नाही, हा तो नकार आहे. शास्त्राने हा नकारही जपून ठेवला, ही गोष्ट महत्त्वाची आहे. जिथे न गाण्याचे स्वातंत्र्य आहे, तिथेच गाण्याला किंमत असते.

बाविसावे स्तोत्र या दोन टोकांमधला प्रवास दाखवते. त्याचा आरंभ टाकून दिल्याच्या आक्रोशाने होतो. येशूने वधस्तंभावर तेच आरंभीचे शब्द उच्चारले. परंतु स्तोत्र तिथे थांबत नाही. पुढे मंडळीत स्तुती होते आणि अखेरीस राज्य परमेश्वराचेच आहे, पृथ्वीच्या सर्व टोकांचे लोक त्याच्याकडे वळतील आणि अद्याप न जन्मलेल्या पिढीलाही हे सांगितले जाईल, अशी दृष्टी येते. आक्रोशापासून स्तुतीपर्यंत नेणारा पूल म्हणजे राज्याची आशा. आपला आजचा विषय या एका स्तोत्रात बीजरूपाने आहे.

कोणते राज्य?

येशूच्या उपदेशाचा गाभा ‘देवाचे राज्य’ हा आहे. राज्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गड, मुलूख आणि फौज येते. त्याने दिलेले दाखले मात्र मोहरीच्या दाण्याचे आणि पिठात मुरणाऱ्या खमिराचे आहेत. दाणा पेरला आहे, झाड व्हायचे आहे. खमीर घातले आहे, पीठ फुगायचे आहे. हे राज्य ख्रिस्ताबरोबर आले आहे आणि तरीही पूर्णत्वाने यायचे आहे. आजारी बरे झाले, जातीबाहेर टाकलेल्यांना पंगतीत बसवले गेले, ही त्याची सुरुवात. जिथे मरण नाही, रडणे नाही, लुबाडणूक नाही, तो त्याचा शेवट. मध्ये आपण आहोत.

शेतकऱ्याला ही मधली स्थिती समजावून सांगावी लागत नाही. पेरणी झाल्यावर आणि कापणीच्या आधी घरात धान्य कमीच असते, पण त्या घराची चिंता आणि पेरलेच नाही त्या घराची चिंता एक नसते. ख्रिस्ती विश्वासात पेरणी म्हणजे ख्रिस्ताचे मरण आणि पुनरुत्थान. ते घडून गेले आहे, म्हणून कापणीची आशा हे नुसते मनोराज्य नाही, असे हा विश्वास म्हणतो. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांत ‘मारानाथा’ हा अरामी शब्द प्रचलित होता. आमच्या प्रभू, ये, असा त्याचा भाव. उपासनेतच वाट पाहणे मिसळलेले होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहरातला प्रसंग आहे. पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकले आहे, पाय खोड्यात अडकवले आहेत. मध्यरात्री ते प्रार्थना करून स्तुतिगीते गात आहेत. लेखक पुढे एक लहानसा तपशील देतो : इतर बंदिवान ऐकत होते. गाणाऱ्यांना सुटकेचे आश्वासन मिळालेले नव्हते. भूकंप नंतर झाला, गाणे आधी झाले. दारे उघडल्यावरही ते पळाले नाहीत आणि जीव द्यायला निघालेल्या तुरुंगाधिकाऱ्याला त्यांनी थांबवले. ज्या राज्याचे गाणे ते गात होते, त्या राज्यात शत्रूचाही जीव मोलाचा होता, म्हणून गाण्यानंतरचे वागणे असे झाले.

शास्त्राचा शेवटचा ग्रंथ प्रकटीकरण. तो पात्म बेटावर, रोमी सत्तेच्या छायेत, छळ सोसणाऱ्या मंडळ्यांसाठी लिहिला गेला. लोक त्यात भविष्याची गणिते शोधतात, पण वाचताना प्रथम कानी पडतात ती त्यातली गीते. ‘हालेलूया’ हा शब्द संपूर्ण नव्या करारात केवळ याच ग्रंथात, एकोणिसाव्या अध्यायात येतो. सर्वांत गांजलेल्या मंडळ्यांच्या ग्रंथात हा शब्द यावा, यातच आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. सम्राटाला देव म्हणण्याची सक्ती होत असताना दुसऱ्याच राजाची स्तुती गाणे ही शरणागती नव्हती. सम्राटाचे राज्य शेवटचे नाही, ही त्यांची साक्ष होती.

वाट आणि गाणे

मराठी माणसाला हे परके वाटू नये. वारकरी पंढरीला पोहोचल्यावर गायला सुरुवात करत नाही. घरून निघाल्यापासून टाळ-मृदंग चालू असतो. पावसात, चिखलात, कळस दिसण्याच्या कितीतरी आधी तो गातो, कारण जायचे कुठे हे त्याला ठाऊक आहे. भेद अर्थातच आहे. वारकऱ्याचा विठ्ठल विटेवर उभाच आहे, भक्ताने त्याच्याकडे जायचे. ख्रिस्ती आशेत येणारा स्वतः राजा आहे आणि सगळी सृष्टी त्याची वाट पाहते. परंतु चालता चालता गाणे, पोहोचण्याआधी गाणे, ही रीत दोन्हींकडे आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्यामागे ही जवळीक होती.

रमाबाई : छप्पनियोच्या काळातले गाणे

मराठीत या आशेची सर्वांत कठोर परीक्षा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात झाली. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने १८७० नंतरच्या दशकात दुष्काळात आई-वडील गमावले, मग बहीण, मग भाऊ. १८८० साली लग्न झाले आणि दोन वर्षांत पती गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढे केडगावला ‘मुक्ती’ उभी केली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, फसवल्या जाणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. आपण स्वतः तशाच भुकेने वणवण फिरलो, ही आठवण त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. १९०० साली, छप्पनियोच्या तडाख्यात, गुजरातेतूनही शेकडो मुली आणि बायका केडगावला पोहोचल्या. म्हणजे आपल्या या मुलखातल्या लेकींची त्या गाण्याशी गाठ पडली.

मुक्तीतली उपासना भजनाच्या चालींवर होत असे, पण तेवढ्यावर ती थांबली नाही. तिथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना चालला, अंध मुलींना ब्रेल शिकवले गेले. येणाऱ्या राज्यात कोणी उपाशी नसेल असे मानणाऱ्या बाईने आजच्या उपाशी मुलीला दाराबाहेर ठेवायचे कसे? आशा खरी असेल तर ती हाताला काम लावते, हे मुक्तीकडे पाहून कळते.

अखेरची वर्षे रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतरात घालवली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या, फारशा न शिकलेल्या बायकांना समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२१ च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. संस्था जिच्या हाती सोपवायची, तीच गेली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या आणि संपूर्ण शास्त्र त्यांच्या पश्चात मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. शोक करणाऱ्या एका आईने स्तोत्रसंहितेचे शब्द दुसऱ्या बायकांच्या तोंडी यावेत म्हणून कष्ट घेतले, ही स्तुतीची मला सर्वांत विश्वसनीय वाटणारी रीत आहे.

टिळक पती-पत्नी : दरबार आणि हसू

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्याने घर दुभंगले आणि लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही ख्रिस्ताचा स्वीकार केला. ते दिवस प्लेगचे आणि दुष्काळाचे होते. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनभोवती अनाथ मुले गोळा होत होती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी तिथे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली होती. टिळकांनी त्या वातावरणात अभंग आणि पदे रचली, ‘ज्ञानोदया’त लिहिले आणि ख्रिस्ती स्तुतीला परदेशी चालींच्या चौकटीतून मोकळे केले.

१९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. नाव ध्यानात घेण्यासारखे आहे. मराठ्यांच्या जुन्या राजधानीत, महायुद्ध चालू असताना, एक कवी दुसऱ्याच राजाचा दरबार भरवतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे अनुयायी तिथे बंधू म्हणून एकत्र यावेत असा त्यांचा हेतू होता. ‘देवाचे राज्य’ हा शब्दप्रयोग त्यांनी असा मराठी मातीत उतरवला. दोन वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, त्यांचे निधन झाले.

त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ज्यांना शाळा मिळाली नव्हती, ज्या नवऱ्याच्या धर्मांतराने कोलमडल्या होत्या, त्यांनीच नवऱ्याचे ख्रिस्तचरित्र शेवटास नेले. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट जाणवते. पुस्तकात दुःखाला तोटा नाही, पण कडवटपणा शोधून सापडत नाही. ऐन अडचणीत लक्ष्मीबाई स्वतःलाच हसतात. हे विनोदाचे देणे आशेपासून वेगळे काढता येईल असे मला वाटत नाही. आजचे संकट म्हणजे गोष्टीचा शेवट नव्हे हे ज्याला पटले, त्यालाच गोष्टीच्या मधल्या पानावर हसता येते.

आक्षेप

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की परलोकाची आशा माणसाला इहलोकातला अन्याय मुकाट्याने सोसायला शिकवते. तसे झालेले आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. मालकाने मजुराला, सासरने सुनेला, सत्तेने प्रजेला ‘पुढे मिळेल’ असे सांगून गप्प केले आहे. बाबेलच्या काठचा नकार अशा वेळी आठवावा. कसोटी सोपी आहे : ज्या आशेमुळे उपाशी माणूस अधिक एकटा पडतो ती राज्याची आशा नव्हे. आशा खरी असेल तर केडगावसारख्या विहिरी खोदल्या जातात.

दुसरा प्रश्न राज्य बाहेर येणार की आत, हा आहे. त्याला सुरतेचाच संदर्भ आहे. मराठी व्याकरणाचे आद्य शिल्पकार दादोबा पांडुरंग तर्खडकर या शहरात शिक्षक होते आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर इथे मानवधर्म सभा स्थापण्यात त्यांचा वाटा होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी स्वीडनबॉर्ग या स्वीडिश तत्त्वचिंतकाच्या लेखनावर इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली. ती १८७८ साली लंडनला प्रसिद्ध झाली. स्वीडनबॉर्गच्या मते ख्रिस्ताचे पुनरागमन ढगांतून होणारे दृश्य नसून शास्त्राचा अंतरार्थ उघडण्यात आहे. दादोबांसारख्या चिकित्सक मनाला ही मांडणी आकर्षक वाटावी यात नवल नाही. तिच्यात सत्याचा अंश आहेच, कारण अंतःकरणात न आलेले राज्य बाहेर आले तरी ओळखू येणार नाही. पण ते केवळ अंतःकरणात राहिले, तर दुष्काळात मेलेल्या मुलीला त्याचा काय उपयोग? मुख्य ख्रिस्ती परंपरा म्हणून मृतांच्या पुनरुत्थानाचा आणि नव्या पृथ्वीचा आग्रह धरते. तिला मनाच्या शांतीहून अधिक काही हवे आहे. जे गेले त्यांनाही न्याय मिळावा, ही तिची मागणी आहे.

तिसरा आक्षेप आपल्या रोजच्या वागण्याशी संबंधित आहे. शोकाकुल घरात जाऊन ‘देवाची स्तुती करा, यातही त्याची इच्छा आहे’ असे सांगणारे लोक सर्व धर्मांत असतात. ईयोबाच्या पुस्तकात असे तीन मित्र आहेत. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढे त्यांचे बरोबर होते. बोलू लागले तेव्हा चुकले आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला, तक्रार करणाऱ्या ईयोबाला नव्हे. स्तुती दुसऱ्याकडून वसूल करायची नसते. ती ज्याची त्याने अर्पण करायची असते. शेजाऱ्याचे काम आधी जवळ बसण्याचे, मग भाकरी नेण्याचे.

ज्याला आज स्वतःला गाता येत नाही, त्याच्यासाठी मंडळी गाते. म्हणूनच स्तोत्रे एकांतात रचली गेली तरी संग्रहित झाली ती सर्वांसाठी. आपल्या तोंडी शब्द येत नाहीत तेव्हा दुसऱ्या कोणाचे जुने शब्द उसने घेता येतात, ही साहित्याने माणसाला केलेली मोठी मदत आहे. दुष्काळात घर बुडालेल्या तुकोबांचे शब्द टिळकांना उपयोगी पडले. टिळकांची पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत आजही गायली जातात. फिलिप्पैच्या तुरुंगात इतर बंदिवान जसे ऐकत होते, तसे आपणही ऐकणारे आहोत. त्या राज्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ज्याने त्याने ठरवायचे. मात्र गाणारे भ्रमात नव्हते, त्यांना आपल्या जखमा ठाऊक होत्या आणि पुढे काय यायचे आहे याची त्यांनी खात्री धरली होती, एवढे तरी त्यांचे म्हणणे आपण नीट ऐकून घेतले पाहिजे.